हरकतींचा आणि उसाचा हंगाम एकच : वगळलेल्या ३४ नावांचं प्रकरण

मतदार यादीतून नावं वगळल्याचं हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं आहे. तालुका, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत, काही बदलले आहेत. मी सांगलीत वकिली करते. या प्रकरणात मी वस्तीच्या बाजूनं उभी होते, तेव्हा हे लिखाण तटस्थ आहे असा दावा करत नाही.

पार्श्वभूमी

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यात खरिपाचं जे काही यायचं ते घरात आलं की गावं रिकामी व्हायला लागतात. आटपाडी-खानापूरकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगलेली आहेत. ज्यांच्याकडे तेवढीही ऐपत नाही ती कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे तोडणीला मजूर पुरवणाऱ्याची, माणसं येतात, उन्हाळ्यात घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा, हिशेब सांगतात आणि नवरा-बायकोची जोडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते. कुणी कोल्हापूरकडे शिरोळच्या शिवारात जातं, कुणी सीमेपलीकडे अथणी-चिक्कोडीकडे. परतायचं ते होळीच्या आगेमागे.

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर आहे. साधारण साठ घरं, त्यातली निम्म्याहून जास्त ऊसतोडीची. गावाशी त्यांचं नातं पाण्याचा टँकर, रेशन दुकान आणि मतदान एवढ्यापुरतं. पण मतदानाच्या बाबतीत ते नातं घट्ट होतं. ग्रामपंचायतीच्या त्या प्रभागात वस्तीची मतं जिकडे पडतील तिकडचा सदस्य निवडून येणार हे ठरलेलं. मागच्या खेपेला तिथला निकाल अकरा मतांनी लागला होता. ग्रामपंचायतीची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी फोडूनच प्रभागांच्या याद्या होतात. त्यामुळे वरच्या यादीतून नाव गेलं की खालच्या सगळ्या निवडणुकांतून ते आपोआप जातं.

याच मुलखात आटपाडी हा औंध संस्थानचा तालुका होता आणि १९३९ साली त्या संस्थानानं राजाचे अधिकार लोकांच्या पंचायतींकडे सोपवणारी घटना स्वीकारली होती. व्याख्यानांत आम्ही हे अभिमानानं सांगतो. वस्तीतल्या कुणाला ते ठाऊक नव्हतं, आणि ७ मे २०२४ च्या सकाळी त्याचा काही उपयोगही नव्हता.

अडचण

त्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं. सकाळी आठच्या सुमारास वस्तीतल्या बायका शाळेवरच्या केंद्रात गेल्या. सगळ्यांत पुढे जी होती तिला इथे अक्का म्हणू, वय पंचावन्नच्या आसपास. हातात लॅमिनेशन केलेलं ओळखपत्र. मतदान अधिकाऱ्यानं यादी चाळली, पुन्हा चाळली आणि सांगितलं, "तुमचं नाव नाही." मागच्या बाईचंही नव्हतं. तिच्या मागचीचंही नव्हतं.

ओळखपत्र म्हणजेच मताचा हक्क असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. हक्क यादीतल्या नावाचा असतो, ओळखपत्र फक्त आपण तेच आहोत हे पटवायला. यादीत नाव असेल आणि ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासबुक असे पर्याय चालतात. ओळखपत्र आहे पण नाव नाही, तर केंद्राध्यक्षाचे हात बांधलेले असतात. वस्तीतल्या एका पोरानं मोबाइलवर फिरणारा मेसेज दाखवून वाद घातला, की आधार दाखवून 'चॅलेंज मत' देता येतं. तो मेसेज खोटा आहे. प्रदत्त मत, म्हणजे लोक ज्याला टेंडर मत म्हणतात, तेही फक्त आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तरच मिळतं. केंद्राध्यक्षानं हे शांतपणे समजावलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

दुपारी गावातल्या एका निवृत्त शिक्षकांचा, गुरुजींचा, मला फोन आला. "ताई, वस्तीतली चाळीसभर नावं गायब हायत. मी स्वतः यादी बघून आलोय."

नीट मोजल्यावर आकडा ४३ निघाला. यातली सहा माणसं खरोखरच वारलेली होती आणि तीन पोरी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या. ही नऊ नावं वगळली ते बरोबरच होतं. उरली ३४. या चौतिसांसमोर पुरवणी यादीत 'स्थलांतरित' या अर्थाची खूण होती. सगळी ऊसतोडीची माणसं, आणि मतदानाच्या दिवशी सगळी आपापल्या घरी.

कधी झालं हे?

उत्तर तारखांतच होतं. त्या वर्षीच्या पुनरीक्षणाची, म्हणजे मतदार याद्या तपासून दुरुस्त करण्याच्या कार्यक्रमाची, प्रारूप यादी २७ ऑक्टोबर २०२३ ला लागली. दावे आणि हरकती ९ डिसेंबरपर्यंत होत्या. अंतिम यादी जानेवारीत आली. राज्यातला गाळप हंगाम १ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाला. म्हणजे ज्या सहा आठवड्यांत यादीतला कुणीही यादीतल्या कुणाच्याही नावावर हरकत घेऊ शकतो, त्याच सहा आठवड्यांत ही माणसं उसाच्या फडात होती. हा त्या वर्षीचा योगायोग नव्हता. १ जानेवारी हा जुना अर्हता दिनांक आहे, म्हणजे ज्या तारखेला मतदाराचं वय मोजतात तो. आता वर्षात चार अर्हता दिनांक झाले असले तरी मोठं पुनरीक्षण बहुधा हिवाळ्यातच होत आलं आहे. यामागे कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला कट करायचा असेल त्याला कॅलेंडर आयतं मिळतं.

कायदा काय सांगतो

पुढचे सगळे निर्णय याच्यावर अवलंबून असल्यामुळे एवढं सांगणं भाग आहे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ प्रमाणे मतदार व्हायला दोन गोष्टी लागतात, वय आणि त्या मतदारसंघात सर्वसाधारण रहिवास. कलम २० मध्ये या रहिवासाचा खुलासा आहे. त्याचं पोटकलम (१क) म्हणतं, की माणूस तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून त्याचा रहिवास संपत नाही. ऊसतोड कामगाराला याहून नेमकं कलम शोधून सापडणार नाही.

कलम २२ नोंदणी अधिकाऱ्याला नाव वगळण्याचा अधिकार देतं. पण माणूस मयत असल्याचं कारण सोडलं, तर 'आता इथे राहत नाही' म्हणून नाव वगळण्याआधी त्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. आणि १९९५ साली लालबाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याची नोंद रीतसर झाली असं धरून चालायचं आणि ते चूक आहे हे दाखवायची जबाबदारी हरकत घेणाऱ्याची. घरातल्याला बाहेर काढणारा पुरावा देईल. घरातल्यानं पुन्हा पुन्हा घर सिद्ध करत बसायचं नाही.

पहिली चूक

कागद मिळवायचे होते. कुणी हरकती घेतल्या, कोणत्या आधारावर, नोटिसा निघाल्या का. मी सवयीनं माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. तीस दिवस वाट पाहिली. उत्तर आलं, मागितलेली माहिती व्यक्तिगत स्वरूपाची आहे, देता येत नाही.

मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "नियम ३३ वाचलास का?" वाचला नव्हता. मतदार नोंदणी नियम, १९६० मधल्या नियम ३२ मध्ये कोणते कागद जपून ठेवायचे ते आहे आणि नियम ३३ प्रमाणे ते कागद पाहण्याचा व फी भरून साक्षांकित प्रती घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माहिती अधिकार आल्यापासून आम्ही वकील मंडळी प्रत्येक कुलपाला तीच किल्ली लावतो. या दाराला स्वतःची किल्ली होती, चांगली पन्नास-साठ वर्षं जुनी. महिना फुकट गेला.

जूनच्या अखेरीस कागद पाहायला मिळाले. नमुना ७ चे, म्हणजे यादीतल्या नावावर हरकत घेऊन ते वगळायला सांगणारे, ३४ अर्ज, हरकतदार दोन, एकाचे १९ आणि दुसऱ्याचे १५. अक्षर सगळीकडे एकच. आवक क्रमांक सलग, एकाच दिवसाचे. अर्ज गठ्ठ्यानं घेऊ नयेत असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. राजकीय पक्षाच्या बूथ प्रतिनिधीलासुद्धा हरकतींच्या काळात एका दिवसाला दहाच अर्ज देता येतात, आणि पूर्ण कालावधीत तीसच्या वर गेले तर अधिकाऱ्यानं स्वतः पडताळणी करायची असते. इथे गठ्ठा आला आणि त्यावर शिक्के पडले.

नोटिसा मात्र निघालेल्या होत्या, आणि हे आम्हाला अडचणीचं होतं. तोवर आम्ही 'विनानोटीस नावं कापली' असंच बोलत होतो. कागद सांगत होते, नोटिसा घेऊन माणूस वस्तीवर गेला, घरं बंद, नोटिसा दाराला डकवल्या, पंचनामा केला. ३४ नोटिसांचा मिळून एकच पंचनामा. पुढे सुनावणीची तारीख, आणि प्रत्येक नावासमोर 'गैरहजर'.

म्हणजे संधी दिली होती, कागदावर. कुलूप लावून सहा महिने गेलेल्या माणसाच्या दाराला चिठ्ठी लावली होती, तू इथे राहतोस का ते सांगायला ये म्हणून.

पुढे असलेले मार्ग

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वस्तीतल्या बिरोबाच्या देवळात बैठक झाली. तीस-पस्तीस माणसं होती, त्यांत बायका जास्त. मी मार्ग मांडले.

सगळ्यांत सोपा म्हणजे प्रत्येकाचा नव्यानं नमुना ६, नाव नोंदणीचा अर्ज. काम लवकर झालं असतं. पण २०२२ पासूनचा नमुना ६ हा नवीन मतदारासाठी आहे आणि त्यातल्या घोषणेत 'मी प्रथमच नाव नोंदवत आहे' असं वाक्य आहे. मी ते वाचून दाखवल्यावर अक्का म्हणाली, "पयल्यांदा म्हणून कसा अंगठा उठवू? राजीव गांधी गेला त्या साली मी पयलं मत दिलंय." लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्याच अर्जावर खोट्या घोषणेसाठी कलम ३१ ची ताकीद असते, एक वर्षापर्यंत कैद. खोटी हरकत घेणारा मोकळा आणि हक्काची बाई खोटं लिहायला भाग पडलेली, असा तो प्रकार होता.

दुसरा मार्ग कलम २४ खालचं अपील. जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत करायचं, त्यावर दुसरं अपील राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. तत्त्वाला धरून हाच खरा रस्ता. पण आदेश डिसेंबरातला, आम्हाला कळलं मे महिन्यात. आदेश कुणाच्या हाती पडलाच नाही, मग मुदत कधीपासून मोजायची, यावर वाद घालता आला असता. तो वाद विधानसभेची निवडणूक होऊन गेल्यावरही चाललाच असता.

उच्च न्यायालय हा तिसरा. तेव्हा कोल्हापूरचं सर्किट बेंच नव्हतं, ते १८ ऑगस्ट २०२५ पासून आहे. २०२४ मध्ये सांगलीकराला मुंबईच गाठावी लागायची. शिवाय निवडणूक तोंडावर असताना यादीच्या वादात न्यायालयं सहसा हात घालत नाहीत.

चौथा, हरकतदारांवर फौजदारी तक्रार. आणि पाचवा मार्ग आमच्याकडे चालत आला होता. तालुक्यातल्या एका गटाचा माणूस म्हणाला, "आम्हाला द्या, मोर्चा काढतो, पेपरला आणतो." गुरुजींनी विचारलं, "नावं आली तर मतं कुणाला द्यायची ते पण सांगणार का?" तो विषय तिथेच संपला.

तक्रारीवर लोक जास्त बोलले. मुकादम आणि हरकतींमागचे हात एकाच गटातले आहेत असं वस्तीत सगळेच मानत होते, पुरावा कुणाकडे नव्हता. एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमी केस कराल आन सांगलीला जाल. मला दसऱ्याला त्याच्याच ट्रॉलीत बसायचंय." उचल घेतलेली, ती फेडायची, पोरीचं लग्न त्या उचलीवर झालेलं. मतस्वातंत्र्याची भाषा वापरणाऱ्या माझ्यासारख्यांनी या वाक्यापाशी थांबायला हवं असं मला आजही वाटतं. न्यायालयात आम्ही मताचा अधिकार घटनादत्त की वैधानिक यावर चर्चा करतो. तिच्या लेखी प्रश्न एवढाच होता, की हे मत मागायला गेले तर माझं काम राहील का.

त्याच आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास दोन हरकतदारांपैकी एक गुरुजींच्या घरी आला. बावीस वर्षांचा पोरगा, सोबत आई. त्याचं म्हणणं, सह्या त्याच्या नाहीतच. कुठल्याशा योजनेसाठी म्हणून गावातल्या एकानं मतदार ओळखपत्राची झेरॉक्स मागितली होती, ती त्यानं दिली होती. आई रडत होती. "गुरुजी, पोराला आत टाकतील का?" तो लिहून द्यायला तयार होता, पण त्यात झेरॉक्स नेणाऱ्याचं नाव नको म्हणत होता.

मी दोन दिवस विचार करते म्हणाले. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. त्याच रात्री त्याचा जबाब त्याच्याच हातानं, तो म्हणेल तेवढाच, लिहून घ्यायला हवा होता. मला पूर्ण कबुली हवी होती, नावासकट. दोन दिवसांचे दहा झाले. तोवर तो चाकणला कामाला गेला आणि फोन उचलेनासा झाला.

काय केलं

शेवटी ठरलं ते मिश्र होतं. प्रत्येकाचा नमुना ६ भरायचा, पण त्याला एक पत्र टाचायचं, 'माझं नाव यापूर्वी अमुक भाग, अमुक अनुक्रमांकावर होतं, ओळखपत्र क्रमांक अमुक. मी तात्पुरत्या कामासाठी बाहेर असताना ते वगळण्यात आलं. अर्जाचा दुसरा नमुना उपलब्ध नसल्यानं हा अर्ज करत आहे.' अक्कानं पत्र वाचून घेतलं, मग अंगठा दिला.

सोबत प्रांताधिकाऱ्यांना, म्हणजे आमच्याकडच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना, सविस्तर निवेदन दिलं. त्यात कलम २० (१क), कलम २२ चं परंतुक, लालबाबू हुसेनचा निकाल आणि सलग आवक क्रमांकांची यादी होती. पण निवेदनाला वजन आलं ते दुसऱ्याच कागदांमुळे, आणि ते आम्हाला ज्यांच्याकडून मिळाले त्यांना आम्ही दोन महिने विरोधक समजत होतो.

या भागाच्या बीएलओ, म्हणजे यादीचं काम पाहणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, या वस्तीजवळच्या अंगणवाडीच्या सेविका. वस्तीचा राग त्यांच्यावरच होता. गुरुजी एकदा त्यांच्याकडे गेले आणि तासभर बसले. बाईंनी त्यांचं ओझं सांगितलं. पोषण आहार, वजनं, लसीकरणाच्या याद्या, त्यावर मतदारांचं ॲप. नोटिसा डकवायला सांगितलं, डकवल्या. मग त्यांनी स्वतःहून एक रजिस्टर काढलं. कोणती बालकं, कोणत्या गरोदर बायका ऊसतोडीला गेल्या आणि कधी परत येणार, याच्या नोंदी त्यांच्याच अक्षरात होत्या. शाळेत विचारलं तर तिथे शिक्षण हमी कार्डांची नोंद होती. हंगामी स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांना ती कार्डं देतात, जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून.

म्हणजे ही माणसं सहा महिन्यांसाठी गेली आहेत आणि परत येणार आहेत, हे शासनाला अंगणवाडीत माहीत होतं, शाळेत माहीत होतं. फक्त मतदार यादीच्या टेबलावर ती कायमची गेली होती. एकाच बाईच्या दोन रजिस्टरांत एकच कुटुंब दोन वेगळ्या गोष्टी सांगत होतं. निवेदनाचा हा परिच्छेद गुरुजींनी लिहिलाय, मी नाही.

ऑगस्टमध्ये विधानसभेसाठीचा पुनरीक्षण कार्यक्रम चालू होता, अर्हता दिनांक १ जुलै २०२४. वस्ती घरी होती. आम्ही मागणी केली की पडताळणी कचेरीत न बोलावता वस्तीवर येऊन करा. अधिकारी आले. दोन तास फिरले, चुली पाहिल्या, वीजबिलं पाहिली, रजिस्टरं पाहिली. जाताना म्हणाले, "हे व्हायला नको होतं." मी म्हटलं, "साहेब, एवढंच आदेशात लिहा." ते हसले.

लिहिलं नाही.

निकाल

३० ऑगस्ट २०२४ च्या अंतिम यादीत ३४ पैकी २७ नावं आली. आणखी चार ऑक्टोबरात पुरवणी यादीत आली. नामनिर्देशनाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि त्यानंतर यादीत नाव घालता येत नाही, त्यामुळे शेवटचे पंधरा दिवस रोज फेऱ्या होत्या. तीन नावं राहिलीच. दोन सुनांच्या आधारवर माहेरचं नाव होतं, आणि एका माणसाचा अर्ज कचेरीत सापडलाच नाही.

बहुतेकांना नवे ओळखपत्र क्रमांक मिळाले. यंत्रणेच्या नोंदीत अक्का आता २०२४ ची मतदार आहे.

मग २० नोव्हेंबर आला, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. राज्यातलं गाळप १५ नोव्हेंबरपासून, सीमेपलीकडचं त्याच्याही आधी. ३१ पैकी २२ जण फडात होते. घरी राहिलेल्या नऊ जणांनी मत दिलं. बाकीच्यांचं काय करायचं, याचा विचार आम्ही ऑगस्टमध्ये केलाच नव्हता. यादीत नाव आलं म्हणजे काम झालं, असं धरून बसलो होतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५ख प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुटी द्यावी लागते, रोजंदारीवरच्यालाही. पण ऊसतोडीत मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी पण तुमच्यासारखाच, आणि रजा घेतली तर खाडा लावतो, म्हणजे गैरहजेरीचे पैसे कापतो. कलम मोडणाऱ्या मालकाला दंड आहे ५०० रुपयांपर्यंत. टपाली मताची सोय सैन्यातल्यांना, निवडणुकीच्या कामावरच्यांना आहे, ८५ च्या पुढच्या वृद्धांना आणि दिव्यांगांना घरून मत देता येतं. हंगामी मजुरांना यातलं काही नाही. त्यांच्यासाठी निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांशी त्यावर चर्चाही झाली. पुढे ती अमलात आली नाही.

एका उमेदवाराच्या माणसानं अथणीकडे जीप पाठवायची तयारी दाखवली होती. उमेदवारानं मतदारांची ने-आण करणं हा भ्रष्ट आचार ठरतो, शिवाय त्या जीपचं भाडं पुढे कुठल्या रूपात वसूल होईल ते सगळ्यांना कळत होतं. नको म्हटलं. आठ जण स्वतःच्या पैशानं एसटीनं आले, खाडा सोसून. त्यांच्यात ट्रॉलीत बसायची काळजी करणारी ती बाईही होती. मी तिला विचारलं नाही का आलीस. तिनंही सांगितलं नाही. मत दिलं, भाकरी बांधून घेतली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली.

३४ पैकी १७ जणांनी मत दिलं. हे यश की अपयश, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माहिती अधिकाराआधी नियम ३३, हे आता माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलंय. पोराचा जबाब अर्धवट का होईना, त्याच रात्री घ्यायला हवा होता. अर्धा खरा कागद हाताशी असणं हे पूर्ण सत्याची वाट पाहण्यापेक्षा बरं, निदान कचेरीत तरी.

आम्ही लेखी आदेशाचा आग्रह सोडला, हे मला जास्त टोचतं. तेव्हा वाटलं, नावं येतायत तर अधिकाऱ्याला कशाला दुखवा. त्यामुळे डिसेंबर २०२३ चा तो आदेश आजही कागदोपत्री बिनचूक आहे. उद्या शेजारच्या तालुक्यात असंच झालं तर दाखवायला आमच्याकडे निर्णय नाही, फक्त आठवण आहे. सगळ्यांच्या वतीनं नाही, तर निदान एखाद्याच्या नावानं अपील चालू ठेवता आलं असतं. गुरुजींचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, ज्याच्या नावानं अपील चाललं असतं त्याला त्या हंगामात उचल मिळाली नसती, आणि ती जोखीम वकिलाची नव्हती. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे फारसं काही नाही.

बीएलओ बाईंकडे पहिल्या आठवड्यात जायला हवं होतं. आणि मतदानाच्या दिवशी यादी बघणं म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशनात येणं. यादी बघायची ती प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हा. त्याहून महत्त्वाचं, वगळण्याच्या अर्जांची नमुना १० मधली यादी कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावतात, ती बघायची. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आमचंही नव्हतं.

आता गुरुजींचं असतं. हंगामाला निघण्याआधी वस्तीतल्या प्रत्येक घराचा एक अर्ज ते बीएलओ बाईंकडे देऊन पोच घेतात. त्यात आम्ही अमुक तारखेपासून तात्पुरत्या कामासाठी बाहेर जात आहोत, घर आमचंच आहे, नोटीस काढायची झाल्यास या मोबाइल क्रमांकावर कळवावं, असं लिहिलेलं असतं. कायद्यात असा अर्ज कुठे सांगितलेला नाही. पण फायलीत तो असला तर 'घर बंद, गैरहजर' एवढ्यावर शिक्का मारणं जरा अवघड जातं. पोचांचा गठ्ठा त्यांच्या घरी रॉकेलच्या जुन्या डब्यात आहे.

गेल्या हंगामात नमुना १० च्या यादीत वस्तीतली दोन नावं दिसली. गुरुजींनी मला रात्री साडेदहाला फोन केला, आवाज चढलेला. सकाळी वस्तीवर जाऊन खात्री केली. दोघंही खरंच वारलेले होते. त्यांनी तसं लिहून दिलं, सही केली आणि खाली तारीख घातली.